दोनदा पदच्युत झालेला विजेता : मार्शल झुकॉव्ह, १९४६ आणि १९५७

मूळ लेख

दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत सेनानींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात गिऑर्गी झुकॉव्हचे नाव मॉस्को, स्टालिनग्राड आणि बर्लिन या तीन ठिकाणांशी जोडून येते आणि बहुधा बर्लिनपाशीच थांबते. युद्धानंतर तो एकोणतीस वर्षे जगला. ही वर्षे दोन वाक्यांत आटोपली जातात : स्टालिनला त्याचा मत्सर वाटला आणि पुढे क्रुश्चेव्हला त्याची भीती वाटली. दोन्ही विधानांत तथ्य आहे, परंतु एक प्रश्न त्यांतून सुटत नाही. ज्या स्टालिनच्या हाती माणसाचे प्राण घेण्याची अनिर्बंध सत्ता होती, त्याच्या कारकिर्दीत झुकॉव्हची केवळ बदली झाली. आणि ज्या क्रुश्चेव्हच्या काळात सत्तेची पकड पुष्कळ सैल झाली होती, त्याच्या काळात मात्र त्याचे सार्वजनिक जीवन कायमचे संपले. असे का घडले असावे, याचा विचार करण्यासाठी हा धागा काढत आहे. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर स्टालिन किंवा क्रुश्चेव्ह यांच्या स्वभावापेक्षा झुकॉव्हच्या बरोबरीच्या सेनानींच्या वर्तनात शोधले पाहिजे.

प्रथम त्याच्या चढत्या काळाविषयी थोडक्यात लिहितो. डिसेंबर १८९६ मध्ये कालुगा प्रांतातील स्त्रेल्कोव्हका या खेड्यात एका चर्मकाराच्या घरी त्याचा जन्म झाला. गावातील शाळा संपताच मॉस्कोमध्ये फरचे कपडे शिवणाऱ्या मामाकडे त्याला उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. १९१५ मध्ये झारच्या घोडदळात त्याची भरती झाली, तेथे त्याने शौर्याबद्दल सेंट जॉर्ज पदक दोनदा मिळवले, १९१८ मध्ये तो लाल सेनेत आला आणि १९१९ मध्ये पक्षाचा सदस्य झाला. १९३० मध्ये तो ज्या घोडदळ डिव्हिजनमध्ये ब्रिगेडचा प्रमुख होता, तिचा कमांडर कॉन्स्तान्तिन रोकोसॉव्हस्की होता. त्या वर्षी रोकोसॉव्हस्कीने लिहिलेला गोपनीय अहवाल आज उपलब्ध आहे. झुकॉव्ह खंबीर आणि निश्चयी आहे, परंतु कमालीचा कठोर आहे आणि कचेरीतील कामाचा त्याला मनापासून तिटकारा आहे, असे त्यात नोंदवलेले आहे. पुढील पंचवीस वर्षांत झुकॉव्हची जी स्तुती झाली आणि जी निंदा झाली, त्या दोन्हींचा गाभा या अहवालात आला आहे असे मला वाटते.

१९३७-३८ च्या दमनसत्रात सोव्हिएत संघाच्या पाच मार्शलांपैकी तुखाचेव्हस्की, येगोरॉव्ह आणि ब्ल्यूखर हे तिघे नाहीसे झाले. रोकोसॉव्हस्कीला ऑगस्ट १९३७ मध्ये अटक झाली आणि मार्च १९४० मध्ये तो सुटला. झुकॉव्हवरही पक्षाच्या बैठकांतून आरोप झाले, पण तो निभावला. वरच्या जागा रिकाम्या झाल्या होत्या आणि पूर्वेकडे जपानी सैन्याशी संघर्ष पेटला होता. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियातील खाल्खिन-गोल नदीकाठी त्याला पाठवण्यात आले. २० ऑगस्टला त्याने दोन्ही बगलांनी रणगाडे घालून जपानी फौजेला वेढा दिला आणि महिनाअखेरीस ती मोडून काढली. त्यानंतरची त्याची चढती गती थक्क करणारी आहे : १९४० मध्ये कीव्ह लष्करी विभागाचा प्रमुख, फेब्रुवारी १९४१ मध्ये जनरल स्टाफचा (सैन्याच्या मध्यवर्ती नियोजन कार्यालयाचा) प्रमुख, आणि जर्मन आक्रमणानंतर जेथे जेथे आघाडी खचत असेल तेथे तेथे धाडला जाणारा सेनानी. येल्न्या, लेनिनग्राड आणि मॉस्को ही सारी ठिकाणे १९४१ च्या अवघ्या चार महिन्यांतील आहेत. ऑगस्ट १९४२ मध्ये तो उपसर्वोच्च सेनापती झाला, म्हणजे त्याच्यावर केवळ स्टालिन उरला.

ऑक्टोबर १९४१ मधील एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सर्व गोष्टींशी त्याचा संबंध पोहोचतो. व्याझ्मापाशी पश्चिम आघाडीच्या (सोव्हिएत सैन्यात अनेक सैन्यांच्या मोठ्या गटाला आघाडी म्हणत) फौजा वेढल्या गेल्या होत्या. त्या आघाडीचा प्रमुख इव्हान कोन्येव्ह याच्यावर खटला भरण्याच्या इराद्याने मॉस्कोहून समिती आली होती. जुलैमध्येच याच आघाडीचा आधीचा प्रमुख जनरल पाव्हलॉव्ह याला गोळी घालण्यात आली होती, त्यामुळे खटल्याचा अर्थ काय होतो हे कोणालाही निराळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. झुकॉव्हने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार त्याने स्टालिनला स्पष्ट शब्दांत विरोध केला : पाव्हलॉव्हला मारून काही सुधारले नाही, कोन्येव्ह हुशार माणूस आहे, तो माझा दुय्यम म्हणून येथेच राहू द्या. कोन्येव्ह राहिला, लवकरच कालिनिन आघाडीचा प्रमुख झाला आणि अखेरीस बर्लिनच्या दक्षिणेकडून येणारा मार्शल झाला.

२४ जून १९४५ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात विजयसंचलन झाले. पाऊस पडत होता. पांढऱ्या घोड्यावर स्वार होऊन झुकॉव्हने मानवंदना स्वीकारली आणि काळ्या घोड्यावरील रोकोसॉव्हस्कीने संचलनाचे नेतृत्व केले. ऑगस्टमध्ये आयझेनहॉवर मॉस्कोला आला, तेव्हा लेनिनच्या समाधीवरील सज्जात त्याला स्टालिनच्या जवळ उभे करण्यात आले आणि झुकॉव्हही तेथे होता. जगभरच्या वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे छापून येत होती. जर्मनीतील सोव्हिएत सैन्याचा प्रमुख या नात्याने तो परदेशी पत्रकारांशी मोकळेपणाने बोलत होता आणि बर्लिनच्या मोहिमेचे वर्णन करताना सर्वोच्च सेनापतीचा उल्लेख त्याच्याकडून पुरेशा वेळा होत नाही, हे मॉस्कोत टिपून ठेवले जात होते.

एप्रिल १९४६ मध्ये विमानदलाचा मुख्य मार्शल अलेक्सांद्र नोव्हिकॉव्ह याला सदोष विमाने स्वीकारल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याच्याकडून स्टालिनच्या नावे एक निवेदन लिहून घेण्यात आले आणि त्यातील मोठा भाग झुकॉव्हविषयी होता : तो सत्तालोलुप आहे, विजयाचे श्रेय स्वतःकडे घेतो, असंतुष्टांना जवळ करतो. १ जून १९४६ रोजी उच्च लष्करी परिषदेत जनरल श्तेमेन्कोने हे निवेदन वाचून दाखवले. बेरिया (गुप्त पोलिसांचा माजी प्रमुख), तसेच राजकीय नेते मोलोटॉव्ह, मालेन्कॉव्ह आणि बुल्गानिन यांनी झुकॉव्हवर कडक टीका केली. त्यानंतर सेनानींची पाळी आली. गोलिकॉव्हने विरोधात बोलून घेतले. परंतु कोन्येव्हने सांगितले की झुकॉव्हचा स्वभाव अवघड आहे, त्याच्याबरोबर काम करणे कठीण आहे, पण तो प्रामाणिक माणूस आहे आणि कट करणारा नाही. रोकोसॉव्हस्की आणि वासिलेव्हस्की यांनीही दोष दाखवले, पण देशद्रोहाचा शब्द उच्चारला नाही. रणगाडा दलाचा मार्शल पाव्हेल रिबाल्को तर त्याहून पुढे गेला. कोठडीत घेतलेल्या अशा जबान्यांवर विश्वास ठेवणे आता थांबवले पाहिजे, असे त्याने त्या सभागृहात, बेरियाच्या समोर म्हटले. नऊ वर्षांपूर्वी तुखाचेव्हस्कीच्या वेळी असा एकही आवाज उठला नव्हता.

स्टालिनने मन बदलले की त्याच्या मनात मुळातच तेवढेच होते, याविषयी मतभेद संभवतात. परिणाम मात्र निश्चित आहे : अटक टळली. ९ जूनच्या आदेशाने झुकॉव्हला भूदलाच्या सरसेनापतिपदावरून काढून ओडेसा लष्करी विभागात पाठवण्यात आले. त्या आदेशातील मजकूर वाचताना मन विषण्ण होते, कारण स्टालिनग्राडच्या शत्रूचा नाश करण्याच्या योजनेशी झुकॉव्हचा काहीही संबंध नव्हता, असे त्यात लिहिलेले आहे आणि त्याखाली ज्याची स्वाक्षरी आहे, त्यानेच ती योजना झुकॉव्ह आणि वासिलेव्हस्की यांच्याबरोबर बसून आखली होती.

त्यानंतर दीड वर्षाने पाश आणखी आवळला गेला. जानेवारी १९४८ मध्ये सुरक्षामंत्री अबाकुमॉव्हच्या माणसांनी झुकॉव्हच्या मॉस्कोतील घराची आणि शहराबाहेरील बंगल्याची गुपचूप झडती घेतली. १० जानेवारीच्या अहवालातील यादी तपशीलवार आहे : लोकरी, रेशमी, मखमली असे मिळून चार हजार मीटरहून अधिक कापड, फरची ३२३ कातडी, ४४ गालिचे आणि भित्तिपट, ५५ चित्रे, शिवाय चिनी मातीची आणि चांदीची भांडी. बंगल्यात एकही सोव्हिएत पुस्तक आढळले नाही, हेही अहवालात मुद्दाम नोंदवले आहे. झुकॉव्हने दिलेल्या लेखी स्पष्टीकरणात काही वस्तू विकत घेतलेल्या, काही भेटीदाखल आलेल्या असल्याचे म्हटले आणि त्या सरकारजमा न केल्याची चूक मान्य केली. याच सुमारास त्याला हृदयविकाराचा झटका आला. फेब्रुवारीत त्याची रवानगी उरल विभागात, स्वेर्दलोव्हस्कला झाली. त्याच्या निकटवर्तीयांना अधिक भोगावे लागले. बर्लिनच्या मोहिमेत त्याच्यासमवेत असलेला जनरल तेलेगिन आणि घोडदळाचा जनरल क्र्यूकॉव्ह यांना अटक झाली, आणि क्र्यूकॉव्हची पत्नी, सैनिकांची लाडकी गायिका लिदिया रुस्लानोव्हा, हिलाही कारावासात टाकण्यात आले.

स्टालिन ५ मार्च १९५३ रोजी मरण पावला आणि झुकॉव्ह संरक्षण खात्याचा प्रथम उपमंत्री म्हणून परतला. २६ जून रोजी क्रेमलिनमध्ये बेरियाला पकडण्यासाठी जे लष्करी अधिकारी खोलीत शिरले, त्यांत तो आणि जनरल मोस्कालेन्को होते. फेब्रुवारी १९५५ मध्ये तो संरक्षणमंत्री झाला. जून १९५७ मध्ये मालेन्कॉव्ह, मोलोटॉव्ह आणि कागानोव्हिच यांनी क्रुश्चेव्हला काढण्याचा घाट घातला, तेव्हा झुकॉव्हने लष्करी विमाने पाठवून केंद्रीय समितीच्या सदस्यांना मॉस्कोत आणवले आणि क्रुश्चेव्हची खुर्ची वाचवली. त्या बैठकीत त्याने जुने कागद वाचून दाखवले : फेब्रुवारी १९३७ ते नोव्हेंबर १९३८ या काळात स्टालिन, मोलोटॉव्ह आणि कागानोव्हिच यांनी ३८,६७९ माणसांच्या मृत्युदंडाला मंजुरी दिली होती. सभागृहात बसलेल्या अनेकांनी, खुद्द क्रुश्चेव्हने, त्या वर्षांत मोठी पदे भूषवली होती. मार्शलजवळ कागद आहेत आणि ते वाचण्याचे धैर्यही आहे, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आली असणार. बैठकीअखेरीस त्याला अध्यक्षमंडळाचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च निर्णय मंडळाचे, पूर्ण सदस्यत्व मिळाले. व्यावसायिक सैनिकाला हा मान त्यापूर्वी कधीही मिळालेला नव्हता.

अवघ्या चार महिन्यांत सारे फिरले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी झुकॉव्ह सेव्हास्तोपोलहून कुइबिशेव्ह या क्रूझरवर चढून युगोस्लाव्हियाच्या दौऱ्यावर निघाला. त्याच दिवशी स्पुट्निक अवकाशात गेला आणि जगाचे लक्ष तिकडे लागले. झुकॉव्ह टिटोच्या पाहुणचारात असताना मॉस्कोत सैन्यातील राजकीय कामाचा आढावा घेण्याच्या निमित्ताने अध्यक्षमंडळाची बैठक भरली, ठराव झाला, आणि देशभरातील छावण्यांत पक्षाच्या सभा घेण्यात आल्या. मॉस्कोतील सभेत क्रुश्चेव्ह स्वतः बोलला. सेनानी परदेशात आणि त्याच्या हाताखालचे अधिकारी त्याच्याविरुद्धच्या सभेत, अशी ही रचना होती. युगोस्लाव्हियाहून तो अल्बानियाला गेला, आणि २६ ऑक्टोबरला विमानातून उतरल्यावर त्याला थेट अध्यक्षमंडळाच्या बैठकीत नेण्यात आले. त्याच दिवशी मालिनोव्हस्की संरक्षणमंत्री झाला.

२८ आणि २९ ऑक्टोबरला केंद्रीय समितीची बैठक झाली. आरोप तीन प्रकारचे होते : सैन्यातील पक्षाच्या यंत्रणेचे महत्त्व त्याने कमी केले, तांबोव्ह येथे घातपाती पथकांची शाळा केंद्रीय समितीला न सांगता उघडली, आणि स्वतःचे स्तोम माजवले. तिसऱ्या आरोपासाठी पक्षनेता सुस्लॉव्ह याने एका चित्राचा दाखला दिला. त्यात झुकॉव्ह पांढऱ्या घोड्यावर असून मागे बर्लिन जळत आहे, आणि हे चित्र जुन्या धार्मिक चित्रांतील सेंट जॉर्जसारखे असल्याचे सुस्लॉव्हने सांगितले. या आरोपांपेक्षा मला अधिक बोचते ती वक्त्यांची नावे. मालिनोव्हस्की, कोन्येव्ह, रोकोसॉव्हस्की, तिमोशेन्को, येरेमेन्को, चुइकॉव्ह, बिर्यूझॉव्ह आणि बेरियाच्या अटकेत त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला मोस्कालेन्को, हे सारे त्याच्याविरुद्ध बोलले. ३ नोव्हेंबरच्या प्रावदा या पक्षाच्या मुखपत्रात कोन्येव्हच्या सहीने लेख आला आणि त्यात झुकॉव्हच्या युद्धकाळातील कर्तृत्वालाही कात्री लावण्यात आली. रिबाल्को १९४८ मध्येच वारला होता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, १९४६ मध्ये झुकॉव्हला वाचवले ते सहकाऱ्यांनी, आणि १९५७ मध्ये त्याला संपवले तेही त्यांनीच. क्रुश्चेव्हला एवढा निर्णय एकट्याच्या बळावर पेलला नसता. सदस्यांनी आपली मते अवश्य मांडावीत.

प्रतिसाद

लेख आवडला, परंतु निष्कर्ष अर्धाच पटला. १९४६ मध्ये सेनानींनी दाखवलेले धैर्य मला अमान्य नाही, तथापि त्यामागे स्वसंरक्षण किती होते याचा विचार लेखात आलेला नाही. नोव्हिकॉव्ह आत गेला, त्याच्या जबानीवरून झुकॉव्ह गेला असता, तर झुकॉव्हच्या जबानीवरून पुढचा कोण, हा प्रश्न त्या सभागृहातील प्रत्येक मार्शलच्या मनात असणार. १९३७ मध्ये न्यायासनावर बसून तुखाचेव्हस्कीला मृत्युदंड देणाऱ्या सेनानींपैकी बहुतेकजण पुढच्या काही वर्षांत स्वतःच मारले गेले, ही आठवण नऊ वर्षांत पुसली जाणारी नव्हती. रोकोसॉव्हस्कीने तर तो तुरुंग स्वतः भोगला होता. १९५७ मध्ये अटकेची भीतीच उरली नव्हती. झुकॉव्हला पेन्शन आणि बंगला मिळणार हे उघड होते, आणि म्हणून त्याच्याविरुद्ध बोलल्याने कोणाच्या हातांना रक्त लागणार नव्हते. दहशत ओसरली की माणसे अधिक धीट होतील अशी आपली अपेक्षा असते. येथे दहशत ओसरल्यामुळे परस्परांना सांभाळून घेण्याची गरजच संपली.

आणखी एक. झुकॉव्हच्या जागी १९४६ मध्ये भूदलाचा सरसेनापती म्हणून कोन्येव्हचीच नेमणूक झाली. त्यामुळे त्याची साक्ष निःस्वार्थ होती की सावध, हे ठरवताना तेवढी गोष्ट जमेस धरावी.

प्रतिसाद

झुकॉव्हला बळी ठरवण्याच्या ओघात त्याने इतरांना कसे वागवले हे विसरले जाऊ नये. ऑक्टोबर १९५५ मध्ये नोव्होरोस्सिस्क ही युद्धनौका सेव्हास्तोपोलच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली आणि सहाशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. नौदलप्रमुख कुझ्नेत्सॉव्ह त्या वेळी आजारी रजेवर होता. तरीही झुकॉव्हने त्याला जबाबदार धरले आणि १९५६ मध्ये त्याला खाली उतरवून व्हाइस ॲडमिरल करत निवृत्त करण्यात आले. कुझ्नेत्सॉव्ह हा १९४१ च्या २२ जूनच्या, म्हणजे जर्मन आक्रमणाच्या, रात्री आपल्या ताफ्यांना वेळेवर सावध करणारा अधिकारी होता. त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला तो १९८८ मध्ये, मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. नौदलातील कोणी १९५७ मध्ये झुकॉव्हसाठी एक शब्दही खर्च केला नाही, याचे आश्चर्य का वाटावे?

सैन्यकपातीचाही विचार व्हावा. १९५५ आणि १९५६ मध्ये मिळून सुमारे अठरा लाख सैनिक कमी करण्याचे जाहीर झाले. युद्ध लढलेले, हातात दुसरा कसलाही व्यवसाय नसलेले हजारो अधिकारी घरी पाठवले गेले. निर्णय राजकीय नेतृत्वाचा होता, परंतु आदेशांखाली सही संरक्षणमंत्र्याची असे.

प्रतिसाद

कोन्येव्हवर येथे अन्याय होत आहे असे वाटते. प्रावदातील तो लेख पक्षाच्या कार्यालयात तयार झाला होता आणि आपल्याला सही करण्यास भाग पाडले, असे त्याने पुढे सांगितले.

प्रतिसाद

वरील खुलासा मान्य केला तरी सही ती सहीच. प्राण जाण्याचे भय नसताना केलेली सही अधिक जड ठरते.

मला मात्र चर्चेला निराळे वळण द्यायचे आहे. झुकॉव्हच्या लष्करी कर्तृत्वाची बाजू लेखात फारच उजळ दाखवली आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडला जर्मनांना वेढणारी युरेनस मोहीम यशस्वी होत असतानाच त्याच्या देखरेखीखाली झेव्हपाशी मार्स ही मोहीम चालू होती. ती फसली, सुमारे ७० हजार माणसे कायमची गेली आणि सोव्हिएत इतिहासग्रंथांत तिचे नाव दीर्घकाळ आलेच नाही. १६ एप्रिल १९४५ च्या पहाटे बर्लिनच्या पूर्वेकडील सीलोच्या टेकड्यांवर त्याने सुमारे १४० प्रखर दिवे लावून शत्रूचे डोळे दिपवण्याचा प्रयत्न केला, परंतु तोफखान्याने उठवलेल्या धुळीत आणि धुरात तो प्रकाश परतून आपल्याच सैनिकांच्या डोळ्यांवर आला. टेकड्या फुटत नाहीत असे दिसताच त्याने योजनेपूर्वीच रणगाडे पुढे घातले आणि अरुंद वाटांवर पायदळ व रणगाडे यांची एकच कोंडी झाली. तेथून बाहेर पडण्यास १९ एप्रिल उजाडला. स्टालिनने या विलंबाचा फायदा घेऊन कोन्येव्हला दक्षिणेकडून बर्लिनकडे वळण्याची मोकळीक दिली. हा दोघांतील चुरशीचा सर्वांत कटू क्षण होता, आणि १९५७ मध्ये कोन्येव्हने जे लिहिले किंवा ज्यावर सही केली, त्यात हा जुना सल मिसळलेला नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

रोकोसॉव्हस्कीचा सलही असाच. नोव्हेंबर १९४४ मध्ये बर्लिनच्या थेट वाटेवर असलेली पहिली बेलोरशियन आघाडी त्याच्याकडून काढून झुकॉव्हला देण्यात आली आणि त्याला उत्तरेकडच्या आघाडीवर पाठवले. ही स्टालिनची आज्ञा होती, झुकॉव्हची मागणी नव्हती. पण बर्लिन घेण्याची संधी गेली ती गेलीच.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. कुझ्नेत्सॉव्हविषयीचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो, कारण सहकाऱ्यांनी साथ का सोडली याचे एक कारण त्यातून उलगडते. झुकॉव्हचा कठोरपणा युद्धात खपून गेला. मॉस्कोच्या वेशीवर शत्रू उभा असताना तिखट शब्दांचा हिशेब कोणी ठेवत नाही. शांततेच्या काळात मंत्रालयात बसून तोच स्वर लावला गेला, तेव्हा प्रत्येक अपमान लक्षात राहिला. रोकोसॉव्हस्कीने १९५७ च्या भाषणात नेमके हेच, झुकॉव्हचे उद्धट वागणे, मांडले. १९३० च्या अहवालापासून त्याचे मत बदललेले नव्हते. बदलला होता तो त्या मताचा उपयोग.

सीलोच्या लढाईचे वर्णन योग्य आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात कसलाही बचाव नाही. परंतु युद्धातील मनुष्यहानीचा प्रश्न १९४६ मध्ये वा १९५७ मध्ये आरोपपत्रात आलाच नाही, याकडे लक्ष वेधू इच्छितो. त्याला जबाबदार धरले गेले ते चित्राबद्दल, श्रेयाबद्दल, गालिच्यांबद्दल. झेव्हच्या मृतांविषयी कोणी विचारले नाही, कारण तो प्रश्न विचारला असता तर उत्तर देण्यासाठी उभे राहणाऱ्यांची रांग झुकॉव्हपाशी संपली नसती.

स्वसंरक्षणाचा मुद्दाही मला मान्य आहे, तथापि रिबाल्को त्यात बसत नाही. गप्प राहून, किंवा कोन्येव्हप्रमाणे तोलून बोलून, त्याला स्वतःला सांभाळता आले असते. गॉर्दॉव्ह, कुलिक आणि रिबाल्चेन्को या तीन जनरलांच्या घरांतील खासगी संभाषणे चोरून ऐकली गेली, जानेवारी १९४७ मध्ये त्यांना अटक झाली आणि ऑगस्ट १९५० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा मुख्य गुन्हा इतकाच की आपल्या घरात बसून त्यांनी स्टालिनच्या राजवटीविषयी कडवट उद्गार काढले. ज्या काळात घरात बोलणे जिवावर बेतत होते, त्या काळात रिबाल्को भर सभेत बोलला.

प्रतिसाद

एक पूरक माहिती. संरक्षणमंत्री असताना झुकॉव्हने केलेल्या एका कामाचा उल्लेख येथे कोणी केला नाही, आणि तो झाल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. जर्मनांच्या कैदेत सापडलेल्या सोव्हिएत सैनिकांकडे मायदेशी परतल्यावर संशयाने पाहिले जाई. अनेकांना श्रमछावण्यांत धाडण्यात आले होते आणि बाकीच्यांना नोकरी, शिक्षण, बढती यांत हा कलंक आडवा येत असे. १९५६ मध्ये झुकॉव्हच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिने या लोकांवरील अन्याय स्पष्ट शब्दांत नोंदवला. कैदेचा काळ सेवेत धरावा, जखमी होऊन पकडले गेलेल्यांना पदके द्यावीत, अशी तिची भूमिका होती. जून १९५६ चा ठराव त्यातून निघाला. शिफारशींतील सर्व काही प्रत्यक्षात आले नाही, परंतु हा प्रश्न त्या उंचीवरून मांडणारा पहिला मनुष्य तोच होता. ज्याच्या कठोरपणाविषयी वर एवढे लिहिले गेले, त्यानेच हे केले आहे.

याच काळात, १९५७ च्या आरंभी, तो भारत आणि ब्रह्मदेशाच्या दौऱ्यावरही आला होता.

प्रतिसाद

सर्वांनी लष्करी सहकाऱ्यांवर भर दिला आहे. मी पक्षाच्या बाजूने पाहतो. सोव्हिएत व्यवस्थेत सेनाधिकाऱ्याच्या शेजारी राजकीय अधिकारी असे आणि त्याची तक्रार वेगळ्या मार्गाने थेट वर जाई. झुकॉव्हने हीच वाट अरुंद केली. खालच्या पातळीवरील राजकीय अधिकाऱ्यांची पदे कमी केली आणि पक्षाच्या सभांतून कमांडरच्या आदेशांवर टीका होऊ नये असा दंडक घातला. लष्करी दृष्टीने हे योग्यच होते, १९४१ च्या अनुभवातून आलेले होते. पण पक्षाला आपल्याच सैन्यात काय चालले आहे ते कळण्याचे साधन त्यामुळे बोथट होत होते. जूनच्या संकटात, माझ्या आदेशाशिवाय एकही रणगाडा हलणार नाही, असे तो म्हणाल्याचे सांगितले जाते. क्रुश्चेव्हला त्या दिवशी हे वाक्य गोड लागले असेल, पण त्याचा दुसरा अर्थही त्याला कळला असणार. तांबोव्हच्या शाळेची बातमी केंद्रीय समितीला देणारा जनरल माम्सुरॉव्ह हा सैन्यातलाच होता, आणि परदेशात असलेल्या झुकॉव्हला मॉस्कोतील हालचालींची कुणकुण देणारा श्तेमेन्को त्यापायी स्वतः पदावनत झाला. हा तोच श्तेमेन्को, ज्याने १९४६ मध्ये नोव्हिकॉव्हचे निवेदन वाचून दाखवले होते.

त्यामुळे सगळे मार्शल झुकॉव्हच्या मागे उभे राहिले असते तर तो टिकला असता, हे मला मान्य नाही. तसे झाले असते तर पक्षाची भीती खरीच ठरली असती आणि फटका अधिक जोराचा बसला असता.

धागाकर्त्याचे उत्तर

हा शेवटचा मुद्दा मला निरुत्तर करणारा नसला तरी थांबून विचार करायला लावणारा आहे. सेनानींनी एकजूट दाखवली असती तर ती बंडाळीचा पुरावा मानली गेली असती, हे खरे. परंतु एकजूट दाखवणे आणि गप्प राहणे यांत अंतर आहे. बोलण्याची सक्ती असली तरी काय बोलावे याला काही मर्यादा होती, आणि युद्धातील कर्तृत्व खोडून काढण्यापर्यंत जाण्याची गरज नव्हती. १९५८ मध्ये झुकॉव्हला निवृत्त करताना मार्शलांसाठी असलेल्या महानिरीक्षकांच्या गटातही त्याला जागा दिली गेली नाही. इतर मार्शलांना ती मिळत असे. पुढची सात वर्षे विजयदिनाच्या समारंभांत तो नव्हता. क्रुश्चेव्ह गेल्यावर, मे १९६५ मध्ये, विजयाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या क्रेमलिनमधील सभेत त्याचे नाव उच्चारले जाताच सभागृहाने उभे राहून टाळ्यांचा असा कडकडाट केला की व्यासपीठावरील नव्या नेत्यांनाही तो रुचला नाही.

त्याच्या आठवणींच्या ग्रंथाविषयी काही सदस्यांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे, म्हणून येथेच लिहितो. तो प्रथम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु त्यापूर्वी त्यातून पुष्कळ मजकूर गाळण्यात आला आणि युद्धात ब्रेझनेव्हची भेट घेण्याची इच्छा होती अशा अर्थाची ओळ त्यात घालण्यात आली. १९३७ च्या दमनसत्राविषयीचा आणि युद्धाच्या आरंभीच्या पराभवांच्या कारणांविषयीचा गाळलेला भाग १९९० च्या दहाव्या आवृत्तीत परत आला. जुन्या सोव्हिएत प्रकाशनांतून निघालेली इंग्रजी भाषांतरे आपल्याकडच्या ग्रंथालयांत अजूनही सापडतात, ती गाळीव मजकुरावरची आहेत. या धाग्यात आलेल्या १९४६ आणि १९५७ च्या घटनांसाठी तो ग्रंथ उपयोगाचा नाही, कारण तो बर्लिनपाशीच थांबतो. त्यासाठी १९५७ च्या ऑक्टोबरमधील बैठकीचे इतिवृत्त पाहावे लागेल. ते आता रशियन भाषेत छापील स्वरूपात उपलब्ध आहे. कोणा सदस्याला रशियन येत असेल, तर रोकोसॉव्हस्कीच्या भाषणाचा पूर्ण मराठी अनुवाद येथे द्यावा, अशी विनंती आहे. मी केलेले अर्थनिर्णयन त्या भाषणाच्या सारांशावर आधारलेले आहे आणि मूळ शब्द समोर आल्यास पुढची चर्चा अधिक नेमकी होईल.